सिस्टर एलिझाबेथ केनी

ऑस्ट्रेलिया खंडाच्या ईशान्य भागात क्वीन्सलँड नावाचा विस्तीर्ण प्रांत आहे. त्याच्या दक्षिणेस डार्लिंग डाउन्स हे सुपीक पठार असून, गव्हाची शेते आणि गुरांची कुरणे यांच्यामध्ये नॉबी हे लहानसे खेडे वसलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या मुलखात एका घरापासून दुसऱ्या घरी जावयाचे तर मैलोगणती रपेट करावी लागे. आणि मोठ्या डॉक्टरचा सल्ला घ्यावयाचा तर टूवूम्बा शहराकडे तार पाठवावी लागे. अशा ठिकाणी घोड्यावर बसून आजाऱ्यांच्या घरोघरी जाणारी एक उंच, धिप्पाड आणि करारी मुद्रेची परिचारिका होती. कोणत्याही रुग्णालयात तिचे रीतसर शिक्षण झाले नव्हते. कोणत्याही नोंदवहीत परिचारिका म्हणून तिचे नाव नव्हते. परंतु पुढे याच बाईमुळे जगातील असंख्य मुलांच्या हातापायांवरील लाकडी पट्ट्या आणि प्लास्टरची कवचे गळून पडावयाची होती.

एलिझाबेथ केनीचा जन्म २० सप्टेंबर १८८० रोजी न्यू साउथ वेल्स प्रांतातील वॉरिआल्डा या गावाजवळ झाला. तिचे वडील आयर्लंडहून आलेले शेतकरी होते. चांगल्या जमिनीच्या शोधात हे कुटुंब गावोगाव फिरत असे. त्यामुळे एलिझाबेथच्या शाळेची आबाळच झाली. मात्र घोडेस्वारीचा नाद तिला लहानपणापासून होता. एकदा ती घोड्यावरून पडली आणि तिचे मनगट मोडले. तिला टूवूम्बा येथील डॉक्टर एनियास मॅकडोनेल यांच्याकडे नेण्यात आले. हाड सांधेपर्यंत तिला तेथे राहावे लागले. त्या मुक्कामात तिची दृष्टी डॉक्टरांच्या कपाटातील शरीररचनेच्या ग्रंथांकडे गेली. मुलीचे कुतूहल पाहून मॅकडोनेल यांनी ते ग्रंथ तिला वाचू दिले. एक मोडलेले मनगट आणि एक उदार डॉक्टर यांची गाठ पडली नसती, तर पुढचा इतिहास घडला असता की नाही, कोण जाणे!

एलिझाबेथचा धाकटा भाऊ प्रकृतीने किरकोळ होता. आपल्या नव्या ज्ञानाचा पहिला प्रयोग तिने त्याच्यावरच केला. कोणता स्नायू कोठून निघतो, कोणत्या हाडाला जाऊन मिळतो आणि तो आखडला म्हणजे कोणता अवयव हलतो, हे ती त्याला समजावून सांगे व एकेक स्नायू वेगळा हलविण्याचा त्याच्याकडून सराव करून घेई. पोरसवदा वयातील हा खेळ तिच्या साऱ्या आयुष्याची शिदोरी ठरला.

मोठी झाल्यावर तिने काही काळ शेतमालाच्या दलालीचा व्यवसायही केला. परंतु तिचे मन रुग्णसेवेकडेच ओढ घेत होते. एका लहान सूतिकागृहात मदतनीस म्हणून काम करून ती जे शिकली असेल तेवढेच तिचे शिक्षण. तेवढ्या बळावर ती नॉबीच्या परिसरात परिचारिका म्हणून हिंडू लागली. बाळंतपण असो, ताप असो, की कुऱ्हाडीचा घाव असो, लोक तिलाच बोलावीत.

१९११ च्या सुमारास तिला एका शेतकऱ्याच्या घरून बोलावणे आले. तेथे एक चिमुरडी बिछान्यावर वेदनांनी तळमळत होती. तिचे अवयव आखडून वेडेवाकडे झाले होते. नुसता हात लावला तरी ती किंचाळे. एलिझाबेथने असा आजार पूर्वी कधीही पाहिला नव्हता. तिने लक्षणे लिहून मॅकडोनेल यांना तार केली. उत्तर आले, की हा बालपक्षाघात असून यावर ठाऊक असा उपाय नाही. तेव्हा जी लक्षणे दिसतील त्यांवर सुचेल तो इलाज करावा.

बालपक्षाघात म्हणजेच पोलिओ. या रोगाचा विषाणू दूषित अन्नपाण्यावाटे तोंडातून पोटात शिरतो. पुष्कळ मुलांना त्याची बाधा होऊनही फारसे काही होत नाही; परंतु थोड्या मुलांमध्ये तो पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. त्या पेशी मेल्या, की त्यांच्या ताब्यातील स्नायू लुळा पडतो. काल अंगणात धावणारे मूल आज अंथरुणातून उठू शकत नाही. त्या काळी उन्हाळा आला, की पाश्चात्त्य देशांतील आईबापांच्या काळजात या रोगाच्या नावाने धस्स होई.

तार हाती पडल्यावर एलिझाबेथ विचार करू लागली. मुलीचे स्नायू दुखत होते आणि आखडले होते, एवढे तिला दिसत होते. आखडलेल्या स्नायूला ऊब मिळाली म्हणजे तो सैल पडतो, हे तिला ठाऊक होते. तिने आपल्या आठवणींत सांगितल्याप्रमाणे, प्रथम तव्यावर मीठ तापवून त्याच्या पिशवीने शेक दिला. त्याने गुण आला नाही. मग जवसाचे पोटीस बांधले. तेही व्यर्थ गेले. शेवटी तिने लोकरीची घोंगडी फाडून तिच्या पट्ट्या केल्या, त्या उकळत्या पाण्यात बुडवून कडकडीत पिळल्या आणि दुखऱ्या अवयवांभोवती हलकेच गुंडाळल्या. थोड्या वेळाने मुलीचे रडणे थांबले आणि तिला झोप लागली. पुढे दुखणे ओसरल्यावर एलिझाबेथने तिचे अवयव हळूहळू हलविण्यास प्रारंभ केला आणि ज्याप्रमाणे भावाला शिकविले होते, त्याचप्रमाणे तिला एकेक स्नायू पुन्हा वापरण्यास शिकविले. त्या दिवसांत अशी आणखी काही मुले तिच्या हाती आली, आणि तीही बरी झाली.

या गोष्टीत एक नवल आहे. मोठमोठ्या शहरांतील नामांकित डॉक्टर त्या वेळी याच्या अगदी उलट उपचार करीत. पोलिओ झालेल्या मुलाचे हातपाय ते लाकडी पट्ट्यांना बांधून किंवा प्लास्टरमध्ये घालून आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने, निश्चल ठेवीत. यामागे काही विचार नव्हता असे नाही. एक स्नायू लुळा पडला म्हणजे त्याच्या समोरचा सशक्त स्नायू अवयवाला आपल्याकडे ओढतो आणि हाडे वाकडी होतात, अशी त्यांना भीती वाटे. पण इतके दिवस जखडून ठेवल्यामुळे जे स्नायू वाचले होते तेही वाळत आणि सांधे ताठरत. पट्ट्या सोडल्यानंतर कित्येक मुलांच्या नशिबी लोखंडी कॅलिपर आणि कुबड्या येत. एलिझाबेथला ही रूढ पद्धत ठाऊकच नव्हती, म्हणूनच ती तिच्याविरुद्ध जाऊ शकली. अज्ञानाचा असा लाभ क्वचितच होतो.

त्यानंतर तिने क्लिफ्टन या गावी एक छोटेसे रुग्णालय उघडले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. पुढच्याच वर्षी ती सैन्याच्या परिचारिका दलात दाखल झाली आणि जखमी सैनिकांना मायदेशी आणणाऱ्या जहाजांवर तिने वर्षानुवर्षे काम केले. १९१७ मध्ये तिला 'सिस्टर' हा हुद्दा मिळाला. हे नाव ऐकून ती जोगीण होती असा कोणाचा समज होण्याचा संभव आहे; परंतु तो सैन्यातील परिचारिकेचा दर्जा होता. केनीबाईंनी तो जन्मभर अभिमानाने मिरविला आणि जगही त्यांना सिस्टर केनी याच नावाने ओळखू लागले.

युद्धानंतर त्या नॉबीला परतल्या. एके दिवशी ओळखीच्या कुटुंबातील एक लहान मुलगी घोड्यांच्या नांगरात सापडून गंभीर जखमी झाली. टूवूम्बा तेथून पंचवीस-सव्वीस मैल दूर. रस्ता खाचखळग्यांचा, एकेका धक्क्यासरशी मुलीचे प्राण जाण्याचे भय. केनीबाईंनी कपाटाचे दार काढून घेतले, त्यावर मुलीला न हलेल अशा रीतीने बांधले आणि शहरापर्यंत सुखरूप पोहोचविले. या अनुभवातून त्यांनी रुग्णांना नेण्याची एक नव्या धर्तीची डोली तयार केली, तिला त्या मुलीचेच 'सिल्व्हिया' हे नाव दिले आणि १९२७ मध्ये तिचे पेटंट घेतले. या डोलीच्या विक्रीतून त्यांना जे मानधन मिळे, त्यावर त्यांचा चरितार्थ चाले. मुलांवरील उपचारांसाठी मात्र त्या पैसे घेत नसत. त्यांनी लग्न केले नाही. मेरी नावाची आठ वर्षांची मुलगी त्यांनी दत्तक घेतली, आणि तीच पुढे त्यांच्या कार्यातील उजवा हात बनली.

१९३२ साली क्वीन्सलँडच्या उत्तरेकडील टाउन्सव्हिल या बंदरात केनीबाईंचे खरे कार्य सुरू झाले. एका इमारतीच्या मागील अंगणात कापडी छपराखाली त्यांनी मुलांवर उपचार आरंभिले. येथे आलेली मुले नुकतीच आजारी पडलेली नव्हती. काहींना पोलिओ होऊन वर्षे लोटली होती. काहींना तर पोलिओ झालाच नव्हता. जन्माच्या वेळी किंवा त्या सुमारास मेंदूला इजा पोहोचल्यामुळे त्यांचे हातपाय जन्मापासूनच ताठर होते. अशा मुलाला बसावयाचे असते, घास उचलावयाचा असतो, परंतु अंग त्याचे ऐकत नाही. आईबापांना अनेक ठिकाणांहून नकार मिळालेला असे. केनीबाईंनी ही सारी मुले आपली मानली. त्यांचे कॅलिपर त्यांनी काढून ठेवले. कोमट पाण्यात स्नान, ओल्या लोकरीचा शेक, परिचारिकेने हलक्या हाताने करविलेली हालचाल आणि शेवटी मुलाने स्वतः केलेली हालचाल, असा त्यांचा क्रम असे.

हा शेक देण्याची रीत पाहण्याजोगी होती. लोकरीचे तुकडे उकळत्या पाण्यातून काढून पिळण्याच्या यंत्रातून एकदा नव्हे, दोनदा पिळीत. कारण त्यात पाण्याचा थेंब राहिला तर मुलाची कातडी भाजावयाची. मांडी, पोटरी, पाठ असा जेथे स्नायू असेल तेथेच तो तुकडा गुंडाळीत आणि गुडघ्यासारखे सांधे मोकळे सोडीत. वरून कोरडे आवरण घालीत. निवला की नवा तुकडा तयारच असे. ज्या मुलांनी हे उपचार घेतले, ती म्हातारी झाली तरी ओल्या, वाफाळलेल्या लोकरीचा तो वास विसरली नाहीत.

शेकाने वेदना शमल्या, की दुसरा भाग सुरू होई, आणि तोच अधिक कठीण होता. मुलाला पाठीवर निजवून केनीबाई त्याला त्याच्या पायातील स्नायूचे नाव सांगत. तो कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, ते बोटाने दाखवीत. मग त्या स्वतः तो पाय हळूच उचलीत आणि मुलाने फक्त त्या स्नायूकडे चित्त लावावे, असे त्याला सांगत. मुलाने दात-ओठ खाऊन सारे अंग हलविले, तर ते त्यांना मुळीच चालत नसे. दहा दिवस, वीस दिवस काहीच दिसत नसे. आणि एखाद्या सकाळी कातडीखाली दोऱ्याएवढी थरथर उमटे. औषधाऐवजी शेक, मर्दन, हालचाल आणि व्यायाम यांनी शरीर सुधारण्याच्या या विद्येला आज भौतिकोपचार किंवा फिजिओथेरपी असे म्हणतात. ती विद्या केनीबाईंच्या आधीही होती. परंतु पोलिओच्या अगदी पहिल्या, दुखऱ्या अवस्थेत तिचा उपयोग करण्याचे धाडस त्यांनी केले.

डॉक्टरांनी त्यांचे स्वागत केले नाही. ब्रिस्बेन येथे सरकारने भरविलेल्या प्रात्यक्षिकाच्या वेळी त्यांची थट्टा झाली. केनीबाईंचे रोगाविषयीचे विवेचन विचित्र होते, हे खरे आहे. रोगाचे मूळ मज्जारज्जूत असते, हे त्या वेळच्या वैद्यकास ठाऊक होते. केनीबाई मात्र सारा दोष आखडलेल्या स्नायूंवर ठेवीत. त्यांचा उपचार आणि त्यांचा सिद्धान्त या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे डॉक्टरांच्या लवकर ध्यानात आले नाही. आणि केनीबाईंच्या तर कधीच आले नाही. त्यातून त्यांचा स्वभाव तापट. विरोध त्यांना सहन होत नसे. शंका विचारणाऱ्या डॉक्टरालाही त्या शत्रू समजत, आणि आपल्या यशाचे आकडे सांगताना त्यांचा तोल कधी कधी सुटे. थोर माणसांच्या चरित्रात असे दोष झाकून ठेवण्याची चाल आहे; पण केनीबाईंच्या बाबतीत ते झाकले तर त्यांना एवढा विरोध का झाला, हे कळावयाचे नाही.

क्वीन्सलँड सरकारने मात्र १९३४ पासून त्यांच्या पद्धतीची उपचार केंद्रे उघडली. १९३७ मध्ये कृतज्ञ पालकांनी वर्गणी काढून त्यांना इंग्लंडला पाठविले. तेथे कार्शल्टन येथील मुलांच्या रुग्णालयात त्यांना दोन कक्ष मिळाले. परंतु १९३५ मध्ये नेमलेल्या डॉक्टरांच्या चौकशी मंडळाचा अहवाल १९३८ साली प्रसिद्ध झाला. त्याने केनीबाईंच्या पद्धतीवर कडक टीका केली आणि अवयवांच्या पट्ट्या सोडणे घातक ठरविले. त्या वेळी केनीबाईंचे वय सत्तावन्न होते. दुसरे कोणी असते तर नॉबीला जाऊन स्वस्थ बसले असते. त्यांनी काम चालूच ठेवले. पुढच्या वर्षी ब्रिस्बेनच्या मोठ्या रुग्णालयात त्यांना एक कक्ष मिळाला आणि नुकताच रोग जडलेली मुलेही त्यांच्याकडे येऊ लागली. तेथील मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला असे आढळले, की त्यांची मुले लवकर बरी होतात आणि त्यांचे अवयव अधिक लवचीक राहतात.

१९४० साली ब्रिस्बेनच्या काही डॉक्टरांची शिफारसपत्रे घेऊन केनीबाई मेरीसह अमेरिकेस गेल्या. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना स्वतःला १९२१ मध्ये या रोगाने गाठले होते आणि त्यांच्या प्रेरणेने या रोगाशी झुंजण्यासाठी एक मोठी राष्ट्रीय संस्था स्थापन झालेली होती. तरीही शहरामागून शहर पालथे घालूनही केनीबाईंच्या पदरी निराशाच आली. परत फिरण्याची वेळ आली असताना मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस शहरात त्यांना थारा मिळाला. कोल, नॅप आणि पोल या तीन डॉक्टरांनी त्यांना मुले दिली आणि काय होते ते डोळ्यांनी पाहिले. केनीबाईंचा सिद्धान्त पटो वा न पटो, मुलाच्या पायात काय फरक पडला एवढेच पाहण्याचा समंजसपणा या तिघांनी दाखविला. १९४१ मध्ये कोल आणि नॅप यांनी आपला अनुभव अमेरिकन डॉक्टरांच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय संस्थेनेही या पद्धतीस मान्यता दिली. १७ डिसेंबर १९४२ रोजी मिनिआपोलिस येथे सिस्टर केनी संस्थेचे उद्‌घाटन झाले. ठिकठिकाणच्या परिचारिका, भौतिकोपचारक आणि डॉक्टर तेथे शिकावयास येऊ लागले.

यानंतरची दहा वर्षे म्हणजे कीर्तीचा पूर होता. केनीबाई मोठाली टोपी घालून सभा गाजवीत. त्यांच्या जीवनावर १९४६ मध्ये चित्रपट निघाला. १९५० मध्ये अमेरिकेच्या लोकसभेने त्यांना त्या देशात मुक्तपणे ये-जा करण्याची दुर्मीळ सवलत दिली. १९५१ साली अमेरिकन जनतेला सर्वांत आदरणीय वाटणारी स्त्री कोण, असा कौल घेण्यात आला, तेव्हा दिवंगत अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनाही मागे टाकून केनीबाई पहिल्या आल्या. वाद मात्र मिटले नव्हते. १९४४ मध्ये अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञांच्या समितीने त्यांच्या दाव्यांवर पुन्हा टीका केली होती. त्यात गंमत अशी, की टीका चालू असतानाच रुग्णालयांतून लाकडी पट्ट्या आणि प्लास्टर नाहीसे होत होते.

केनीबाईंना उतारवयात कंपवाताने गाठले. ज्या हातांनी मुलांच्या कातडीखालील थरथर टिपली, त्यांनाच आता कंप सुटला. १९५१ मध्ये त्या टूवूम्बा येथे येऊन राहिल्या. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. नॉबीच्या स्मशानभूमीत आईच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली.

तीनच वर्षांनी, १९५५ मध्ये, डॉक्टर साल्क यांची पोलिओवरील लस यशस्वी ठरली आणि पुढे तोंडावाटे देण्याची लसही आली. जिभेवर पडणाऱ्या दोन थेंबांनी भारतातूनही हा रोग हटला; २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. मिनिआपोलिसच्या संस्थेतील पोलिओच्या खाटा त्यापूर्वीच रिकाम्या झाल्या होत्या. तेथील मंडळींनी मग अपघातात जखमी झालेले, पक्षाघात झालेले आणि मेंदूच्या इजेमुळे अवयव ताठर झालेले रुग्ण हाती घेतले. ती संस्था आज एका मोठ्या संस्थेत विलीन झाली असली, तरी तिच्या नावात केनी हा शब्द कायम आहे. टाउन्सव्हिलच्या त्या अंगणात आलेल्या मुलांसारखी मुले आजही जगभरच्या उपचारगृहांत येतात. वाफाळलेली लोकर आता तेथे दिसत नाही. चटईवर एखादे दोन वर्षांचे मूल पालथे निजलेले असते. उपचारक त्याच्या कोपराला हलकासा आधार देतो, समोर रंगीत चेंडू ठेवतो, आणि ते मूल आपणहून मान उचलीपर्यंत वाट पाहतो.